सेकंडहँड गाडी, कंपनीचा इमोबिलायझर आणि चावीचा लुकलुकणारा दिवा : मदत हवी

कासपठार (धागाकर्ता, सातारा)

नमस्कार मंडळी. उन्हाळ्याच्या तोंडावर २०१३ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, पहिल्या मालकाकडून थेट. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. मला यंत्रणा समजून घ्यायची आहे, कुणाची तक्रार करायची नाही.

लक्षण असं : सकाळी थंड गाडी पहिल्या सेल्फला उचलते. पण उन्हातून चालवून आलो, पंपावर किंवा मंडईत थोडा वेळ थांबलो आणि पुन्हा चावी फिरवली की सेल्फ जोरात फिरतो, इंजिन क्षणभर पकडतं आणि बंद पडतं. त्या वेळी मीटरमध्ये चावीच्या चित्राचा दिवा भराभर लुकलुकत असतो. दारं उघडी टाकून सावलीत थांबलं की थोड्या वेळाने काहीच न झाल्यासारखी चालू होते.

एका मेकॅनिकचं म्हणणं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) गेलाय, जुन्या बाजारातून आणून टाकू. दुसरा म्हणतो, बॅटरी रात्रभर काढून ठेवा, रिसेट होईल. वडिलांना डायलिसिसला न्यायची गाडी आहे, त्यामुळे अंदाजाने काही करायचं नाही. सुरुवात कुठून करू?

तांब्याचीतार (इचलकरंजी)

दादा, आधी ईसीयूचा विषय बंद करा. इमोबिलायझर म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा. ती असलेल्या गाडीत ईसीयू आणि इमोबिलायझर एकमेकांना ओळखून असतात. भंगारातला ईसीयू नुसता आणून जोडला तर त्याला तुमच्या गाडीची ओळखच नसते. आज अधूनमधून अडणारी गाडी उद्या कायमची अडेल. बॅटरी काढून ठेवण्याचाही उपयोग नाही. चाव्यांचे कोड कायमच्या स्मृतीत असतात, वीज गेली म्हणून ते पुसत नाहीत. फार तर घड्याळ शून्यावर जाईल आणि काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोड मागेल.

आता यंत्रणा कशी चालते ते समजून घ्या, म्हणजे बिघाड कुठे शोधायचा हे आपोआप कळेल. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं, तोच अँटेना. इग्निशन ऑन केलं की त्यातून बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झचा संदेश जातो आणि त्याच संदेशाच्या ऊर्जेवर चिप जागी होऊन उत्तर देते. उत्तर बरोबर असेल तर इमोबिलायझरचा डबा ईसीयूला परवानगी देतो. परवानगी आली नाही तर ईसीयू इंधनाचा फवारा किंवा ठिणगी बंद करतो. काही गाड्यांत सेल्फसुद्धा फिरू देत नाही. 'क्षणभर पकडलं आणि बंद' हे जे तुम्ही लिहिलंय, ते याच परवानगीच्या गोंधळाचं लक्षण.

म्हणजे साखळी अशी : चिप, वेटोळं, डबा, वायरिंग, ईसीयू, आणि या सगळ्यांना वीज देणारी बॅटरी. संशय घ्यायचा तर ईसीयूवर सगळ्यात शेवटी, कारण तोच सगळ्यात कमी वेळा बिघडतो.

मला एवढं सांगा : दुसरी चावी आहे का? हातातली चावी मूळची आहे की घडीची (पातं कवचात दुमडणारी) करून घेतलेली? आणि गाडीत बाहेरून काय काय बसवलंय?

कासपठार

काका, इतकं सविस्तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. चावी घडीची आहे, पहिल्या मालकाने कवच बदलून घेतलेलं. दुसरी चावी 'घरात कुठेतरी असेल' असं तो म्हणाला होता, आजच फोन करतो. बाहेरून बसवलेलं म्हणजे म्युझिक सिस्टिम आणि रिव्हर्स कॅमेरा. बाकी माहीत नाही.

कुलूपकिल्ली_नाशिक

माझा चाव्यांचाच धंदा आहे, म्हणून घडीच्या चावीबद्दल लिहितो. कवच बदलताना जुन्या चावीतली चिप काढून नव्या कवचात बसवावी लागते. ती कधी काळ्या खड्यासारखी असते, कधी काचेच्या बारीक नळीसारखी, कधी रिमोटच्या सर्किटवरच असते. घाईत काम करणारा तिला डिंकाने कुठेही चिकटवतो. आडवी बसली, वेटोळ्यापासून लांब गेली किंवा काचेला तडा गेला की गाडी कधी ओळखते, कधी नाही. जुनं कवच चिपसकट कचऱ्यात गेल्याचीही उदाहरणं आहेत; मग रिमोटने दारं उघडतात पण गाडी चालू होत नाही, आणि गिऱ्हाईक रिमोटचा सेल बदलत बसतं.

हे दोन भाग वेगळे आहेत, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवावं. दारं उघडणारा रिमोट सेलवर चालतो. इंजिनाची परवानगी देणारी चिप सेलवर चालत नाही. रिमोटचा सीआर २०३२ सेल संपला तरी चावीच्या गाडीचं इंजिन चालू व्हायला हवं. बटणाच्या गाड्यांत सेल संपला तर रिमोट बटणाला टेकवून किंवा ठरलेल्या खाचेत ठेवून चालू करतात, कारण त्यातही अशी चिप असते. जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

अजून एक सोपी गोष्ट. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती काढून बघा. दोन चिपा वेटोळ्याजवळ आल्या की एकमेकींच्या उत्तरात घुसतात.

पावसाळीरस्ता (चिपळूण)

धाग्यात घुसतोय, पण माझंही असंच आहे आणि उन्हाचा काही संबंध नाही. गाडी लॉक करून गेलो की एक लाल दिवा सावकाश लुकलुकत राहतो, रात्रभर. इमोबिलायझर खराब असेल का? शिवाय मुसळधार पावसात मध्यरात्री भोंगा वाजतो. शेजारी वैतागलेत.

तांब्याचीतार

तुमचा दिवा बरोबर आहे. बंद गाडीत सावकाश लुकलुकणं म्हणजे पहारा चालू आहे. इग्निशन ऑन असताना तोच किंवा चावीचा दिवा भराभर लुकलुकला तर चावी ओळखली गेली नाही. बहुतेक गाड्यांत इग्निशन ऑन केल्यावर तो दोन-तीन सेकंद पेटून विझतो, तेव्हा समजायचं की ओळख पटली. नेमका क्रम मात्र मॅन्युअलमध्येच बघा, कंपनीगणिक फरक असतो.

भोंग्याचं कारण बहुधा बॉनेटचा स्विच. कोकणातल्या हवेत त्यावर गंज आणि चिखल बसतो, पाणी गेलं की संगणकाला वाटतं कुणी बॉनेट उचललं. स्विच साफ करा, कनेक्टर काढून आत हिरवट थर आलाय का बघा. मग दारांचे आणि डिकीचे स्विच. आतला दिवा दार लावल्यावरही रेंगाळत असेल तर ते दार संशयित.

पावसाळीरस्ता

बॉनेटचा स्विच बघतो उद्या. आभारी आहे.

गोदाकाठ

मूळ प्रश्नाकडे येऊ. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, हे क्रँक सेन्सरचं (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरचं) अगदी ठरलेलं लक्षण आहे. माझ्या जुन्या गाडीत नेमकं हेच होतं आणि सगळे फ्युएल पंपाच्या मागे लागले होते. क्रँक सेन्सर का नाही?

तांब्याचीतार

प्रश्न रास्त आहे. फरक दिव्यात आहे. क्रँक सेन्सर गेला तर चावीचा दिवा आपलं काम करून गप विझतो आणि तरी गाडी उचलत नाही. यांचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे अडवणूक परवानगीच्या पातळीवर आहे. म्हणून मी नेहमी सांगतो, गाडी अडली की सेल्फ मारत बसू नका. इग्निशन ऑन करून आधी दिवा बघा, फोनवर चित्रफीत काढून ठेवा. सर्व्हिस सेंटरला गाडी नेली की ती शहाण्यासारखी चालू होते आणि मग कुणाचा विश्वास बसत नाही.

कासपठार

दुसरी चावी मिळाली! पहिल्या मालकाच्या भावाकडे कऱ्हाडला होती, मूळ कंपनीची, न उघडलेली. तिच्यावर काही दिवस गाडी चालवली. सुरुवातीला वाटलं सुटलो. पण काल महामार्गावर टोलनाक्याच्या पुढे चहाला थांबलो आणि पुन्हा तेच, तोच दिवा. चित्रफीत काढली आहे. म्हणजे चावीचा दोष नाही, बरोबर ना?

कुलूपकिल्ली_नाशिक

बरोबर. दोन वेगळ्या चाव्या, दोन वेगळ्या चिपा, लक्षण एकच. चावीवरचा संशय मिटला. पण घडीच्या चावीतली चिप नीट बसवून घ्या, ते काम राहिलंच आहे.

तांब्याचीतार

आता दोन कामं. पहिलं, स्कॅनर. बाजारात मिळणारं छोटं ब्लूटूथ यंत्र बहुतेक वेळा फक्त इंजिनाच्या बिघाडाचे कोड वाचतं. इमोबिलायझरच्या डब्याशी बोलणारा स्कॅनर हवा, तो चांगल्या वायरमनकडे असतो. पी ०५१३ आला तर चुकीची चावी, पी ०६३३ म्हणजे चावी ईसीयूत नोंदलेली नाही, यू ०१६७ म्हणजे इमोबिलायझरच्या डब्याशी संपर्कच तुटला, यू ०४२६ म्हणजे संपर्क आहे पण माहिती चुकीची येते. हे चार कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक आहेत. कंपनीचे स्वतःचे वेगळे असतात. कोड पुसायची घाई करू नका. आधी लिहून घ्या.

दुसरं, मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ फिरताना ती किती खाली जाते तेही बघा. साडेनऊच्या खाली गेली तर डबे मध्येच झोपतात आणि परवानगीचा संवाद अर्धवट राहतो. थकलेल्या बॅटरीमुळे कितीतरी गाड्यांत इमोबिलायझरच्या नावाने पैसे गेले आहेत.

इम्मो_ऑफ_करू_का

मी सगळा धागा वाचला. एवढ्या भानगडीपेक्षा इमोबिलायझरच कायमचा काढून टाकला तर? आमच्याकडे एक जण लॅपटॉपने ईसीयूत बदल करून देतो, म्हणतो कुठलीही साधी चावी चालेल.

मिलवॉकीकर

अमेरिकेत मिलवॉकीत राहतो, म्हणून कळकळीने लिहितो. असं करू नका. इकडे ह्युंदाई आणि किया यांच्या चावीने चालू होणाऱ्या अनेक मॉडेलांत इमोबिलायझर दिलेलाच नव्हता, आणि आमच्या शहरात २०२१ साली पोरं त्या गाड्या पळवत सुटली. मग ते समाजमाध्यमांवर पसरलं आणि देशभर लोण गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर बदल जाहीर केला, स्टिअरिंगला लावायचे लोखंडी दांडेही वाटले. एका चिपेअभावी केवढा अनर्थ! माझ्या इमारतीच्या वाहनतळात फुटलेल्या काचा मी पाहिल्या आहेत. काही विमा कंपन्यांनी त्या मॉडेलांचा नवा विमा घ्यायलाच नकार दिला होता.

याउलट जिथे इमोबिलायझर सक्तीचा झाला तिथे गाड्या पळवणं अवघड झालं : ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८ पासून नव्या गाड्यांना, ऑस्ट्रेलियात जुलै २००१ पासून, कॅनडात सप्टेंबर २००७ पासून. ही कल्पनाही आजकालची नाही. १९८६च्या कॉर्व्हेट या अमेरिकी गाडीच्या चावीत एक रेझिस्टर (विजेला ठरावीक विरोध करणारा बारीक भाग) बसवलेला असे, त्या विरोधाची १५ वेगवेगळी मापं होती आणि चुकीची चावी आली की गाडी काही मिनिटं सेल्फच घेत नसे.

इकडच्या १९९०च्या दशकातल्या काही गाड्यांत चावीत चिप नाही, कुलपाच्या सिलिंडरमध्ये सेन्सर आहे. तो झिजला की तुमच्यासारखंच होतं. त्यावर पुन्हा ओळख शिकवायची पद्धत आहे : चावी फिरवून ऑनवर सोडायची, दहा मिनिटांनी दिवा विझला की बंद करायची, आणि हे ओळीने तीनदा. इकडच्या मंचांवर हा उपाय वाचून भारतातले लोक आपल्या गाडीवर करून बघतात. चिपच्या चावीला त्याने काही होत नाही, बॅटरी मात्र उतरते.

अनघा_ठाणे

मी वाहन विम्याच्या दाव्यांचं काम करते. इमोबिलायझर काढण्याबद्दल माझंही ठाम 'नाही'. गाडी चोरीला गेली की एफआयआर, परिवहन कार्यालयाला कळवणं, पोलिसांचा तपास न लागल्याचा अहवाल, हे सगळं लागतंच, पण विमा कंपनी पहिल्यांदा मागते त्या गाडीच्या सगळ्या चाव्या. दोनऐवजी एकच दिली तर चौकशी लांबते आणि दावा अडकतो. मूळ यंत्रणा मुद्दाम निकामी केल्याचं दिसलं तर निष्काळजीपणाचा मुद्दा निघतोच.

म्हणून सेकंडहँड गाडी घेताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून घेता, कर्ज असेल तर त्याची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ बघता, तसंच दुसरी चावी आणि चावीच्या क्रमांकाचं छोटं टॅग मागून घ्या. दुसरी चावी नसेल तर ती करून घेण्याचा खर्च किमतीतून कमी करायला सांगा. 'नंतर देतो' यावर थांबू नका.

जाता जाता : जुन्या मोटर टॅरिफमध्ये (वाहन विम्याच्या दरपत्रकात) पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण आणि ते बसवल्याचा ऑटोमोबाइल असोसिएशनचा दाखला असेल तर ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट अशी तरतूद होती. सवलतीची रक्कम एवढीशी, त्यामुळे तेवढ्यासाठी रस्त्यावरच्या दुकानातून वायरी कापून भोंगा बसवू नका. मूळ वायरिंग बिघडलं तर त्याच्या कितीतरी पट जातात.

कासपठार

अनघाताई, तुमच्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं चाललं. पहिल्या मालकाला पुन्हा फोन केला आणि सरळ विचारलं, कधी भोंगा किंवा जीपीएस बसवला होता का? म्हणाला, हो, घेतल्या घेतल्या एक रिमोटचा सायरन बसवला होता, दोन वर्षांत बिघडला, मग 'काढून टाकला'. सायरन काढला, पण वायरी?

तांब्याचीतार

सापडलं बहुतेक! असे सायरन बसवताना स्टिअरिंगखालची इग्निशनची वायर सोलतात, दुसरी वायर नुसती पिरगाळतात आणि वर काळी टेप. काही तर इग्निशनची वायर कापून मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) घालतात. काढताना रिले काढून तोच जोड पुन्हा पिरगाळतात. उन्हात डॅशबोर्ड तापला की टेपचा डिंक पातळ होतो, जोड ढिला पडतो, तांबं काळं पडून विजेला होणारा विरोध वाढतो. गार झालं की पुन्हा टेकतं. जीपीएस ट्रॅकरच्या रिलेचंही तेच, आणि पूर्वी टॅक्सी म्हणून चाललेल्या गाड्यांत ते हमखास बघावं.

वायरमनला सांगा : गाडी तापलेली असताना, सेल्फ फिरवत, एकाच वेळी बॅटरीवर आणि इमोबिलायझरच्या डब्याच्या पुरवठ्याच्या वायरीवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर वाटेत कुठेतरी वीज अडते आहे. अर्थिंगची वायरही तशीच तपासा, तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. उंदरांनी कुरतडलेलं कुठे दिसतंय का तेही बघा.

टेस्ट लॅम्प (बल्बचा टेस्टर) लावून मोजू देऊ नका. तो बारीक वायरींवर भार टाकतो, डब्याला इजा होऊ शकते. मल्टिमीटरच हवा.

कासपठार

अपडेट. शाहूपुरीतल्या एका वायरमनकडे दुपारच्या उन्हात गाडी नेली, मुद्दाम तापवून. इंजिनात साठवलेला कोड यू ०१६७ निघाला. मग मोजमाप : सेल्फ फिरताना बॅटरीवर १०.६ आणि डब्याच्या वायरीवर ७ च्या आसपास! स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं तर टेपचा चिकट काळा गोळा, आत इग्निशनची मूळ वायर कापून पिरगाळलेली, तांबं पार काळं. शिवाय दोन वायरी तशाच लोंबकळत होत्या, उघड्या टोकांच्या. त्या कधी लोखंडाला टेकल्या असत्या तर काय झालं असतं हा विचार करवत नाही.

त्यांनी खराब तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर सोल्डर केली, वर उष्णतेने आकसणारी नळी घातली, मोकळ्या वायरी मुळापासून काढल्या. आता फरक ०.२ व्होल्ट. तेव्हापासून भर दुपारी, मंडईत, टोलनाक्यावर, सगळीकडे थांबून बघितलं. दिवा पेटतो, दोन सेकंदांत विझतो, गाडी उचलते. काल बाबांना वेळेत दवाखान्यात पोचवलं. तांब्याचीतार काका, तुमचे कसे आभार मानू?

तांब्याचीतार

आभार त्या वायरमनचे माना, त्याने मोजून काम केलं. बाबांना नमस्कार सांगा.

पावसाळीरस्ता

माझंही सुटलं. बॉनेटचा स्विच गंजून अडकला होता. नवा घातला, कनेक्टर साफ केला, दोन मुसळधार रात्री गेल्या, भोंगा गप्प.

गोदाकाठ

फार उपयोगी धागा झाला. एक शेवटचा प्रश्न. मी मागच्या वर्षी सेकंडहँड गाडी घेतली, चावी एकच मिळाली. दुसरी करायची आहे. पहिल्या मालकाकडे किंवा मधल्या दलालाकडे तिसरी चावी राहिली असेल तर? मला कळणार कसं?

कुलूपकिल्ली_नाशिक

हा प्रश्न सेकंडहँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने विचारायला हवा. स्कॅनरवर बहुतेक गाड्यांत किती चाव्या नोंदल्या आहेत तो आकडा दिसतो. हातात एक आणि नोंद तीनची असेल तर दोन चाव्या बाहेर फिरताहेत.

नवी चावी नोंदवताना अनेक गाड्यांत आधीच्या सगळ्या नोंदी पुसतात आणि समोर असलेल्या चाव्या नव्याने शिकवतात. जी चावी त्या वेळी हजर नसते ती बाद होते. दारात फिरेल, पण इंजिन चालू करणार नाही. म्हणून नोंदणीच्या दिवशी घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या, नाहीतर आपलीच चांगली चावी बाद व्हायची. तुमच्या गाडीत नोंदी आपोआप पुसत नसतील तर चावीवाल्याला किंवा सर्व्हिस सेंटरला 'जुन्या सगळ्या पुसून द्या' असं स्पष्ट सांगा. यासाठी गाडीचा सुरक्षा कोड लागतो. सर्व्हिस सेंटर आरसी आणि ओळखपत्र बघूनच तो वापरतं, तेव्हा आरसी तुमच्या नावावर झालेली असू द्या. जो चावीवाला आरसी न बघता चावी करून देतो, त्याच्याकडे जाऊ नका. तो उद्या तुमच्या गाडीची चावीही कुणालाही करून देईल.

बाद झालेल्या चावीने दार उघडण्याचीही भीती असेल तर कुलपाचा सिलिंडर बदलावा लागतो, पण बहुतेकांना नोंदी पुसणं पुरतं.

कासपठार

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या भावाकडे चावी होती तशी आणखी कुणाकडे असू शकते. शनिवारी सर्व्हिस सेंटरची वेळ घेतली आहे, दोन्ही चाव्या आणि आरसी घेऊन जातो. घडीच्या चावीतली चिपही त्याच दिवशी नीट बसवून घेतो. स्कॅनरवर किती चाव्या निघाल्या ते इथेच कळवतो.